मामांच्या नावेतला स्टीरिओ : कामाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2024, रविवार, महेश्वर

परवाच कार्तिकी पौर्णिमा झाली, नर्मदेच्या घाटाच्या पायऱ्यांवर अजून पणत्यांचा खच आणि तेलाचे डाग. मी सकाळी इंदूरहून निघाले, मानपूरचा घाट उतरून धामनोदला चहा घेतला आणि साडेदहाला मामांच्या घरी. मामींनी पोहे टाकले होते. जेवायच्या आत नावेवर जाऊन आलो.

नावेतला स्टीरिओ मेलाय. मागच्या वर्षी दिवाळीला धारजवळच्या एका वर्कशॉपमधून गाडीचा जुना स्टीरिओ बसवून घेतला होता, दोन स्पीकरसकट, आणि एक पावसाळासुद्धा काढला नाही त्यानं. आधी मधेच बंद पडून आपोआप चालू व्हायचा, मग एका बाजूचा आवाज गेला, मग डिस्प्ले गेला, आता बटण दाबलं तर काहीच नाही. मामा म्हणाले राहू दे बेटा, नदीवर काय गरज आहे गाण्यांची. पण गरज गाण्यांची नाहीच आहे, हे त्यांनाही माहितीये आणि मलाही. मामा शाळेतून रिटायर झाले तेव्हापासून कैलास भैयांबरोबर अर्ध्या भागीत ही नाव आहे, चोवीस फुटी, लाकडी, वरून फायबर मारलेली, बारा माणसं बसतात. संध्याकाळच्या फेरीत मामा लोकांना घाट दाखवतात, किल्ला, अहिल्याबाईंची छत्री, मधोमध पाण्यात बाणेश्वर, पलीकडे नावडातोडी जिथे डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळातली घरं सापडली. हे सगळं ते इतकं सुंदर सांगतात की पुण्या-मुंबईचे लोक परत येताना त्यांच्यासाठी काहीबाही घेऊन येतात. गेल्या मार्चमध्ये घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बारीक झाला. डिझेल इंजिनासमोर तो आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. म्हणून आता स्टीरिओ हवाच, म्हणून माइक.

ठरवलं की या वेळी मी स्वतः करणार. पीथमपूरच्या फॅक्टरीत मेंटेनन्समध्ये पंधरा वर्षं विजेचे पॅनलच तर उघडतेय. जुना स्टीरिओ, स्पीकर, वायर, सगळं उचकटून पिशवीत भरून घरी आणलं.

19 नोव्हेंबर, रात्र, इंदूर

राजेंद्र नगरच्या घरी डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र अंथरून सगळं उघडलं. बंटी (धाकटा भाऊ) टॉर्च धरून बसला होता. जे दिसलं ते नीट लिहून ठेवते कारण पुढची सगळी कामं यावरूनच ठरणार आहेत.

एक तर पाणी वरून आलेलंच नाही. स्टीरिओच्या वरच्या पत्र्यावर एक डाग नाही. पाणी आलं वायरीतून. स्पीकरची वायर छपराच्या पाइपवरून खाली येत होती आणि सरळ स्टीरिओच्या पाठीत घुसत होती, म्हणजे दव आणि पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत ओघळत थेट कनेक्टरमध्ये. वायरीला खाली एक झोळ दिला असता, म्हणजे आधी कनेक्टरपेक्षा खाली जाऊन मग वर चढली असती, तर थेंब झोळाच्या तळाशी गळून पडला असता. एवढं साधं काम. आणि वायर साध्या तांब्याची, आवरण सोललं तर चार बोटं आतपर्यंत काळी पडलेली, तांब्याचे बारीक तार पाणी वातीसारखं वर ओढतात. कनेक्टरवर हिरवी पूड.

दुसरं, बॅटरीपाशी फ्यूजच नाही. फ्यूज होता तो स्टीरिओच्या पाठीमागे, म्हणजे मधली सहा मीटर वायर पूर्ण उघडी, कुठे घासून शॉर्ट झाली असती तर लाकडी नावेत आग. हे बघून मला खरंच राग आला. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, यंत्राला नाही, त्यामुळे तो बॅटरीपाशीच हवा. अमेरिकेत बोटींसाठी एबीवायसी नावाच्या संस्थेचं मानक आहे, त्यात बॅटरीपासून 7 इंचांच्या आत फ्यूज सांगितलाय.

तिसरं, मधेच बंद का पडायचा त्याचं उत्तर. वायर 0.75 चौरस मिमीची. ती मीटरला साधारण 26 मिलिओहम, जाऊन-येऊन बारा मीटर म्हणजे 0.31 ओहम, आवाज वाढवल्यावर सहा अँपिअर ओढले की जवळजवळ 1.9 व्होल्ट रस्त्यातच खलास. बॅटरी 12.3 दाखवतेय आणि स्टीरिओला मिळतायत 10.4. तबल्याची थाप आली की बंद, थाप संपली की चालू. बिचारा खराब नव्हताच, उपाशी होता.

स्पीकर कागदी कोनचे, कडेचा फोम बोट लावला की भुगा. एका स्पीकरच्या मागे कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं, पूर्ण सुकलेलं, आत अळ्यांची टरफलं. ते मात्र हलक्या हातानं काढलं.

24 नोव्हेंबर

आठवडाभर विचार केला. बोटींसाठी खास बनवलेले मरीन स्टीरिओ मिळतात, आतल्या सर्किट बोर्डवर लाखेसारखं कोटिंग असतं, समोरून पाण्याचा फवारा सहन करतात. चांगले असतात, वाद नाही. पण इंदुरात समोर बघून घेता येईना आणि किंमत बघितली तर आपलं सगळं बजेट त्या एका डब्यातच संपतंय. मला वाटतं पैसा उलटीकडून लावायला पाहिजे. स्टीरिओ डब्यात बंद करता येतो, पावसाळ्यात काढून घरी नेता येतो. स्पीकरला तोंड उघडंच ठेवावं लागतं आणि वायर तर बारा महिने तिथेच राहणार. म्हणून स्पीकर खरेखुरे मरीन घ्यायचे, वायर उत्तम, आणि स्टीरिओ साधा गाडीचा, सीडी नसलेला, सिंगल डिन (गाडीच्या स्टीरिओचं एकेरी ठरावीक माप). सीडीची फट नाही म्हणजे धूळ-दमट शिरायला एक दार कमी, आणि खोलीही कमी लागते.

रात्री मामांना फोन केला. बॅटरीचा विषय निघाला. मी म्हटलं इंजिनाच्याच बॅटरीवरून घेऊ. मामा दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, "खाली सहस्रधारेकडे नदी खडकात फुटते. तिकडे वाहत चाललो आणि सेल्फ लागला नाही तर? इंजिनाच्या बॅटरीला हात लावायचा नाही बेटा." बरोबर आहे त्यांचं, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. तर स्टीरिओला वेगळी बॅटरी, 12 व्होल्ट 26 अँपिअर-तासाची सीलबंद, आणि छपरावर 40 वॉटचं सोलर पॅनल. हिशोब केला, चार तास चालवलं तर मध्यम आवाजात 2 अँपिअरच्या हिशोबानं 8 अँपिअर-तास, पॅनल चांगल्या उन्हात पाच तासांत 10-11 परत देतं. पुरतं. इंजिनाच्या वायरिंगशी एकही जोड नाही.

30 नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या महाराणी रोड, मग सियागंज, मग लोहा मंडी. दिवस गेला पण समाधान झालं.

सगळ्यात मोठी गोष्ट वायर. बोटीला टिन केलेलं तांबं पाहिजे, म्हणजे प्रत्येक तारेवर कथिलाचा मुलामा, ती काळी पडत नाही. दोन-तीन दुकानांत मरीन वायर मागितली तर लोक तोंडाकडे बघायला लागले, समुद्र कुठे आहे म्हणाले. मग डोक्यात आलं की सोलरची डीसी केबल म्हणजे हीच वस्तू! टिन केलेलं बारीक तारांचं तांबं, वर दुहेरी आवरण, ऊन आणि पाऊस सहन करायलाच बनवलेलं. सोलरवाल्याकडे 4 चौरस मिमीची लाल आणि काळी प्रत्येकी दहा मीटर घेतली. ज्यांना नदीवर किंवा तळ्यावर काही बसवायचंय त्यांनी ही केबल डोळे मिटून घ्यावी, सोलरचं दुकान आता प्रत्येक गावात आहे.

बाकी : पारदर्शक झाकणाचा आयपी 65 डबा (धूळ आणि पाण्याचा मारा आत न येऊ देणारा), केबल ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं घट्ट बूच) सहा, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आकसून वायरीवर घट्ट बसणारी नळी), 15 अँपिअरचा ब्लेड फ्यूज आणि त्याचा रबरी टोपीवाला होल्डर, स्टेनलेस स्टीलचे (एसएस 304) स्क्रू, 200 मिमी पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा आणि चार टोप्या (या कशाला ते पुढे), केशरी सिलिका जेल. निळं सिलिका जेल स्वस्त होतं पण त्यात कोबाल्ट असतं, नदीत सांडायला नको.

एक सूचना स्वतःला. सिलिकॉनची ट्यूब घेताना वास बघायचा. शिरक्यासारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्यायचं. दुकानदार म्हणाला सब एक ही है मॅडम. एक नाहीये.

स्पीकर ऑनलाइन मागवले, साडेसहा इंची, 4 ओहम, पॉलिप्रॉपिलीनचा कोन, कडेला रबर, आयपीएक्स 6, म्हणजे पाण्याचा जोरदार मारा सहन करणारे.

8 डिसेंबर

डबा तयार केला. स्टीरिओसाठी भोक 182 बाय 53 मिमी, हा सिंगल डिनचा मापाचा चौकोन सगळीकडे सारखा. पण डब्याच्या झाकणाला भोक पाडायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं, आतमध्ये अॅल्युमिनियमची आडवी पट्टी बसवून त्यावर स्टीरिओ लावला आणि झाकण पारदर्शक असल्यानं डिस्प्ले बाहेरून दिसतो. गाणं बदलायचं ते मोबाइलवरून ब्लूटूथनं, प्लॅस्टिकमधून आरामात जातं.

सगळे ग्लँड तळाला. बाजूला नाही, वर तर नाहीच.

आता खरी डोकेदुखी, ज्याच्यावर मी दोन रात्री घालवल्या. डबा जितका घट्ट बंद कराल तितका तो श्वास ओढतो. दुपारी आतली हवा तापून फुगते, जिथून जागा मिळेल तिथून बाहेर पडते, रात्री नदीवर गार पडलं की आत दाब कमी होतो आणि तोच डबा त्याच फटीतून बाहेरची दमट हवा, कधी थेंबही, आत शोषतो. एकदा आत आलेली ओल बाहेर जात नाही, पहाटे झाकणाच्या आतून दव धरतं. म्हणजे बाहेरून एक थेंब न पडता स्टीरिओ आतून भिजू शकतो. आमच्या फॅक्टरीत बाहेरच्या पॅनलना यासाठी ब्रीदर असतो, बारीक पडद्याचा बूच, हवा जाते पाणी जात नाही, रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांतही तोच असतो. तो एक तळाला बसवला. आत सिलिका जेलची पुडी जाळीच्या पिशवीत, झाकणातून रंग दिसेल अशी लटकवलेली. केशरी आहे तोवर ठीक, हिरवी झाली की तव्यावर मंद गरम करून परत वापरायची.

11 डिसेंबर

डब्यात टिश्यू पेपर ठेवून गच्चीवर पाइपनं दहा मिनिटं सगळ्या बाजूंनी पाणी मारलं. आयपीएक्स 5 ची खरी चाचणी 6.3 मिमीच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर, अडीच-तीन मीटरवरून, तीन मिनिटं असते, आमचा नळ तेवढा जोर देत नाही म्हणून वेळ वाढवला. टिश्यू कोरडा. एका ग्लँडखाली कोपरा किंचित ओलसर, त्याची रबरी रिंग उलटी बसली होती. सुलटी केली, परत दहा मिनिटं, कोरडा.

15 डिसेंबर

स्पीकरचे घर. बाकाखाली लावावेत असं कैलास भैयांचं म्हणणं होतं पण तिथे पोरांचे पाय लागतात आणि तळाचं पाणी उडतं. छपराच्या चार खांबांपैकी पुढच्या दोघांवर लावायचे ठरले, आत आणि खाली झुकवून, म्हणजे पाऊस तोंडावर पडत नाही, आत गेलंच तर गळून जातं, आणि आवाज नावेतल्या माणसांच्या डोक्यावर पडतो, नदीवर पसरत नाही. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं.

पीव्हीसी पाइपचे आठ-आठ इंची तुकडे कापले, एका तोंडाला टोपी सॉल्व्हेंटनं चिकटवली, दुसऱ्या टोपीत गोल भोक पाडून स्पीकर बसवला, आत उशीतला पॉलिएस्टर फायबर सैल भरला (कापूस नाही, कापूस ओल धरतो), सगळ्यात खालच्या बिंदूला 4 मिमीचं भोक आणि त्यावर आतून बारीक स्टीलची जाळी, कुंभारीण माशीसाठी. बाहेरून पांढरा रंग. यू-क्लॅम्पनं खांबाला. दोन्ही मिळून चार किलोच्या आत, एवढ्यानं नाव डोलणार नाही, बॅटरी तर तळाशीच आहे.

वायरीच्या टोकांना लग (धातूची टोकं) दाबून बसवले, सोल्डर केले नाहीत. हलत्या जागी सोल्डर जिथे संपतं तिथेच वायर तुटते. दाबलेल्या लगवर गोंदवाली हीटश्रिंक, तापवल्यावर कडेनं गोंदाचा थेंब बाहेर आला पाहिजे, तो आला म्हणजे सील झालं.

22 डिसेंबर, महेश्वर

बंटीला घेऊन पहाटे पाचला निघालो. नदीवर धुकं इतकं की बाणेश्वराचं देऊळ दिसत नव्हतं, फक्त घंटा ऐकू येत होती. कैलास भैयांनी नाव घाटाला लावून ठेवलेली.

लाकडात भोकं पाडताना घाई केली नाही. साडेचार मिमीच्या स्क्रूसाठी आधी 10 मिमीचं भोक, त्यात इपॉक्सी भरून दोन तास सुकू दिलं, मग इपॉक्सीच्या मधोमध बारीक भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला लागतच नाही, पाणी लाकडात शिरत नाही, लाकूड कुजत नाही. कैलास भैया शेजारी उकिडवे बसून प्रत्येक भोक बघत होते. नाव त्यांच्या वडिलांनी बांधून घेतलेली, पहिल्या ड्रिलला त्यांचा चेहरा उतरला होता. इपॉक्सीचं समजावून सांगितलं तेव्हा म्हणाले मग ताई बाकाच्या जुन्या भोकांतही भरून द्या. भरले, सोळा भोकं.

डबा मागच्या बाकाखाली, सावलीत, तळापासून फूटभर वर. बॅटरी त्याच्या शेजारी, पट्ट्यानं बांधून. फ्यूज बॅटरीच्या खुंटीपासून चार इंचांवर. वायर जेमतेम दीड मीटर, 4 चौरसची, दहा अँपिअरलाही दीडशे मिलिव्होल्टच्या आसपासच पडतात. प्रत्येक वायरीला झोळ. छपरावर पॅनल.

पिवळी आणि लाल वायर एकत्र करून एका स्विचवर घेतली. गाडीत पिवळी कायम चालू असते घड्याळ आणि मेमरीसाठी, इथे तिनं महिनाभर थोडं थोडं करून बॅटरी खाल्ली असती.

संध्याकाळी चालू केला. आवाज आला पण पोकळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, मधल्या बाकावर तर तबला ऐकूच येईना. अंधार झाला होता, उपाशी होतो, परत निघालो.

23 डिसेंबर

गाडीत घाट चढताना लक्षात आलं. एक स्पीकर उलटा जोडलाय. एक आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो आणि दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात.

12 जानेवारी 2025

गेल्या गेल्या दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या टोकांना टेकवला. प्लस बरोबर असेल तर कोन बाहेर येतो. डावा बाहेर, उजवा आत. उजव्याच्या वायरी बदलल्या, आणि मधल्या बाकावर मृदंग असा उमटला की कैलास भैयांनी चिलीम बाजूला ठेवली.

मग रेडिओ. मामांसाठी मुद्दाम मीडियम वेव्ह असलेला स्टीरिओ घेतला होता. माझ्या लहानपणी सुट्टीत इथे आले की मामांचा ट्रान्झिस्टर 648 वरच असायचा, आकाशवाणी इंदूर, संध्याकाळी नंदाजी-भेराजी या रेडिओवरच्या पात्रांच्या माळवी गप्पा, शेतातलं सगळं तिथे कळायचं. मीडियम वेव्हवर काटा फिरवला तर इकडून तिकडे नुसतं भुर्रर्र. इंजिन बंद होतं, म्हणजे अल्टर्नेटर नाही. डिझेलला स्पार्क प्लगही नसतो. मोबाइल लांब नेला, तेच. मग पॅनलवर बंटीनं गोणपाट टाकलं आणि भुर्रर्र थांबलं! सोलरचा चार्ज कंट्रोलर. तो सेकंदाला शेकडो वेळा वीज चालू-बंद करतो आणि त्याच्या वायरी ॲंटेनासारख्या तो कचरा फेकतात. कंट्रोलर ॲंटेनाच्या वायरीपासून एक हातावर होता, तो दुसऱ्या बाजूला नेला, लाल-काळी वायर एकमेकींना पीळ दिला, दोन्ही टोकांना असा कचरा अडवणारे फेराइटचे क्लिप लावले. बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. शेवटी पॅनलच्या वायरीत एक छोटा स्विच टाकला, रेडिओ ऐकायचा तर तेवढा वेळ चार्जिंग बंद. इलाज साधा आहे पण काम करतो.

उरलेला दिवस तिळगूळ, परवा संक्रांत.

26 जानेवारी

शुक्रवारी 24 ला महेश्वरात मंत्रिमंडळाची बैठक होती, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचं वर्ष म्हणून, त्या गडबडीत जायचं टाळलं. आज माइक.

माइकचा रिसीव्हर यूएसबीवर चालतो, डब्यातच 12 चा 5 व्होल्ट करणारा छोटा कन्व्हर्टर बसवला, ऑडिओ स्टीरिओच्या ऑक्स सॉकेटमध्ये. मामांच्या कॉलरला क्लिप. पहिल्यांदा लावला तर शिट्टी. स्पीकर त्यांच्या अगदी डोक्यावर येत होते, मामांची जागा पुढच्या खांबांपासून दोन हात मागे घेतली आणि माइकचा गेन (आवाज पकडण्याची तीव्रता) कमी केला, शिट्टी गेली. खर्ज पूर्ण कमी, माणसाच्या बोलण्याला खर्ज लागत नाही, उलट इंजिनाच्या घरघरीत मिसळून शब्द खराब होतात. मधले सूर थोडे वर.

मग आवाज किती ठेवायचा. मामांनी एकच अट घातली, नावेतला आवाज घाटावर गेला नाही पाहिजे. घाटावर परिक्रमावासी झोपलेले असतात, कोणी जप करतं. कायद्यातही 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलचं ॲप अगदी अचूक नसतं पण तुलनेला चालतं. स्पीकरपासून दीड मीटरवर, म्हणजे बाकावर, 70. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात, दीडचे तीन, तीनचे सहा, सहाचे बारा, म्हणजे बारा मीटरवर 52. बंटीला घाटावर उभं केलं आणि नाव वीस मीटरवर धरली. त्याला मामांचं बोलणं चालू आहे एवढं कळत होतं, शब्द नाही. तिथे व्हॉल्यूमचा आकडा 14 आला. चालू केला की व्हॉल्यूम 14 वर आणायचा, म्हणून डब्यावर चिकटपट्टीनं 14 लिहिलं.

4 फेब्रुवारी, नर्मदा जयंती

सुट्टी काढली. घाटावर पाय ठेवायला जागा नाही, पाण्यात दिवेच दिवे. स्टीरिओवर काहीच लावलं नाही, आरती घाटावर होत होती तीच ऐकली. आरती संपल्यावर नाव थोडी आत नेली, इंजिन बंद केलं आणि मामांनी माइक लावला. अकरा लोक होते, त्यात एक आजी वर्धेच्या, ऐकू कमी येणाऱ्या, शेवटच्या बाकावर. मामांनी सांगायला सुरुवात केली, अहिल्याबाईंनी राजधानी इथे का आणली, विणकर कुठून बोलावले, किल्ल्याच्या भिंतीवरची नक्षी साडीच्या काठावर कशी उतरली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्यांनी पूर्ण पाऊण तास सांगितलं. ओरडावं लागलं नाही. आजींनी मधेच एक प्रश्न विचारला, म्हणजे त्यांना ऐकू येत होतं.

मामी माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, माझा हात धरून बसल्या.

20 एप्रिल

निमाडचं ऊन सुरू झालंय. डब्यात थर्मामीटर ठेवून बघितलं, बाहेर सावलीत 41, आत स्टीरिओ चालू असताना दोन तासांनी 56. स्टीरिओच्या पुस्तिकेत 60 पर्यंत लिहिलंय, म्हणजे मे महिन्यात काठावर. डब्याच्या पाठीला अॅल्युमिनियमची जाड प्लेट लावली, स्टीरिओचा पाठचा हीटसिंक (उष्णता बाहेर सोडणारा धातूचा भाग) तिला आतून टेकवला, मधे थर्मल पेस्ट, प्लेटचा दुसरा भाग बाहेर हवेत, कडेनं न्यूट्रल सिलिकॉन. परत दोन तास, 49. दुपारी एक ते चार चालवायचा नाही असं तरी कैलास भैयांना सांगून ठेवलंय, त्या वेळेत तसंही कोणी फिरायला येत नाही.

सिलिका जेल केशरी. स्पीकरच्या रबरावर पांढरी धूळ, ओल्या फडक्यानं पुसली. कनेक्टर उघडून बघितले, तांबं नव्यासारखं चकचकीत.

22 जून

मान्सून आला. वरून ओंकारेश्वर धरणातून पाणी सोडलं की इथे पायऱ्या बघता बघता बुडतात, म्हणून नाव वर ओढून बांधायची तयारी चालू आहे. स्टीरिओ काढायला बरोबर नऊ मिनिटं लागली, घड्याळ लावलं होतं. चार स्क्रू, तीन कनेक्टर, प्रत्येक कनेक्टरच्या तोंडावर सिलिकॉन ग्रीस आणि रबरी टोपी. बॅटरी काढली. स्पीकर जागेवरच, वरून जाड प्लॅस्टिक बांधलं, खालचं गळतीचं भोक मात्र उघडं ठेवलं.

पहिल्यांदा वाटलं होतं स्टीरिओ इंदूरला घेऊन जाईन. मग बंटीच्या खोलीतला 12 व्होल्ट 10 अँपिअरचा जुना एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेवर चालणारा पॉवर सप्लाय, सोबत आणलेला, तो मामांच्या ओसरीतल्या फडताळात ठेवला, जुने दोन लाकडी स्पीकर माळ्यावरून काढले आणि जोडून दिलं. आता चार महिने तो तिथे. बाहेर पाऊस पडत होता, मामींनी भजी तळायला घेतली आणि मामा खुर्ची ओढून मीडियम वेव्हवर काटा फिरवत बसले.

ऑक्टोबरची यादी : ब्रीदर बदलायचा, डाव्या क्लॅम्पचा नट सैल आहे तिथे नायलॉक (सैल न होणारा नट) लावायचा, कैलास भैयांच्या भावाच्या नावेचं माप घ्यायचं.